एक तळहात, पाच अलंकार

(पडद्यावर एक म्हातारा तळहात, अगदी जवळून.)

आजोबांचा हा तळहात बघा. सुकलेला, रेषारेषांनी भरलेला. पाहताक्षणी तोंडून निघतं, ‘तळहात अगदी नकाशासारखा आहे.’ ही झाली उपमा. ज्याच्याबद्दल बोलायचं तो तळहात, उपमेय. ज्याची उपमा दिली तो नकाशा, उपमान. रेषांचं जाळं हा दोघांचा समान धर्म. आणि ‘सारखा’ हा एवढासा शब्द दोघांना शेजारी बसवतो, पण एकमेकांत मिसळू देत नाही.

आता तेवढाच शब्द बदलू. ‘तळहात जणू नकाशाच!’ अंतर कमी झालं, ही उत्प्रेक्षा. ‘जणू’ही काढून टाका. ‘तळहाताच्या नकाशावर मी बोट फिरवलं.’ दोन्ही एकजीव झाले, रूपक झालं. ‘हा तळहात नव्हेच, नकाशा आहे’ असं म्हटलं की उपमेय चक्क नाकारलं, ती अपन्हुती. आणि ‘नकाशा घडी घातली की मिटतो, या हातावरच्या वाटा मिटत नाहीत’ म्हणताना हात नकाशाला वरचढ ठरतो. तो व्यतिरेक.

ही नावं व्याख्यांसकट पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरली जातात, याचं मला फार वाईट वाटतं. दोन गोष्टी बोलणाऱ्याच्या मनात किती जवळ आल्या, हे त्या नावांतून कळतं! भरतमुनींच्या नाट्यशास्त्र या जुन्या संस्कृत ग्रंथात अलंकार ४ च होते: उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढे अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंद या अलंकारांवरच्या ग्रंथात ते १०० च्या पुढे गेले. सगळे लक्षात ठेवायलाच हवेत असं नाही. यमक आणि अनुप्रास तर कानालाच कळतात.

(पडद्यावर पहाट. एकेक दिवा लागतो.)

‘सगळं घर जागं झालं.’ भिंती काही जाग्या होत नाहीत, माणसं होतात. शब्दाची सरळ अर्थ सांगणारी शक्ती, अभिधा, इथे अडते, मग त्याला जोडलेला दुसरा अर्थ देणारी लक्षणा धावून येते. न बोललेला अर्थ सुचवणारी व्यंजना याहून खोल. ११व्या शतकातल्या मम्मटाने काव्यप्रकाशात ती दाखवायला एक साधं वाक्य घेतलं. सूर्य मावळला.

मराठीत दोनच शब्द. गुराख्याला त्यातून ऐकू येतं, गुरं परत वळवा. दुकानदाराला, माल आवरा. राबणाऱ्याला, हातातलं काम थांबवा. आणि दाराशी वाट पाहत उभी असलेल्या तिला, तो आता येईल.

(पडद्यावर संधिप्रकाश. उघडं दार.)