मावशीच्या स्वयंपाकघरातला धूर

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या वर्षी पाऊस लागायच्या चार दिवस आधी मडगावला मावशीच्या माळ्यावरून आम्ही एक अख्खं घर खाली उतरवलं. दोघांनी धरलं आणि तिसरा शिडीवर उभा राहून ‘हळू, हळू’ म्हणत राहिला. मीटरभर लांब, त्याहून थोडं कमी रुंद, गोणपाटात गुंडाळलेलं. मावशीचं लहानपणीचं बाहुलीघर. माझ्या आजोबांनी ते घरच्या मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, करून घेतलं होतं. आजोबांनी कुणा पाखल्याच्या, म्हणजे गोऱ्या पोर्तुगीजाच्या, घरी विलायती बाहुलीघर पाहिलं असावं, पण मेस्ताने बनवलं ते आपलंच: पुढे बाल्कांव, म्हणजे बसायची ओसरी, आत सोपा, मधे राजांगण आणि तुळस, मागे स्वयंपाकघर, आणि कोपऱ्यात चक्क बाळंतिणीची खोली. दिवसाही अंधारी. जगात दुसऱ्या कुठल्या बाहुलीघराला बाळंतिणीची खोली असेल, असं मला वाटत नाही.

मी बँकेत नोकरी करून निवृत्त झालेली बाई. करवत कधी धरली नव्हती. मावशी ऐंशीच्या घरातली. ती म्हणाली, ‘तुझ्याकडे वेळ आहे, तू ने.’ फोंड्याला आणलं आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. जूनमध्ये! सरस वाळत नाही, रंग वाळत नाही, उघडं लाकूड ओल धरतं. आपल्या हवेत हे काम दिवाळीनंतर काढायचं. पण हौस पंचांग पाहत नाही.

नवशिक्याचा हात आधी कशाकडे जातो, तर ओल्या फडक्याकडे. माझाही गेला. खरं म्हणजे पहिले दोन-तीन दिवस फक्त बघायचं आणि फोटो काढायचे. छप्पर उचलून वरून, प्रत्येक खोलीचे चारी बाजूंनी, शेजारी फूटपट्टी ठेवून. मग धूळ, तीही कोरडी, चित्रकलेच्या मऊ कुंचल्याने, वरून खाली. पाणी सगळ्यात शेवटी, कापसाच्या बोळ्यावर, आणि तेही आधी कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी करून बघून. संग्रहालयातली तज्ज्ञ माणसं अशा वेळी चक्क थुंकीने ओला केलेला बोळा वापरतात. थुंकीतली पाचकद्रव्यं मळ सोडवतात. आई पदराचं टोक जिभेला लावून आपलं तोंड पुसायची, त्यातलंच हे शास्त्र.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी बाहेरून चाळीस फोटो काढले आणि आतून एकही नाही, कारण आत अंधार होता. मग स्वयंपाकघराला हात घातला. चुलीच्या वरची भिंत काळीकुट्ट. सत्तर वर्षांचा मळ, म्हटलं. कोमट पाणी घेतलं आणि बोळ्यामागून बोळे काळे करत गेले. टोपाची बुडं घासताना जसं समाधान होतं ना, तसं होत होतं. काळ्याबरोबर भिंतीची निळसर झाकही बोळ्यावर येत होती. तिथेच थांबायला हवं होतं. मेस्ताने खऱ्या घरासारखीच चुन्यात नीळ कालवून भिंत सारवली होती. तिला घट्ट धरून ठेवणारं आत फारसं काही नाही. पाणी लागलं की सुटते.

संध्याकाळी मी पांढऱ्याशुभ्र भिंतीचा फोटो मावशीला पाठवला. तिचा फोन आला. ‘धुंवर खंय गेलो गो?’ धूर कुठे गेला?

तो मळ नव्हताच. मेस्ताने घर दिलं तेव्हा स्वयंपाकघर कसं दवाखान्यासारखं लखलखीत होतं. आठ-नऊ वर्षांच्या मावशीला ते खोटं वाटलं. तिने समईचं काजळ बोटावर घेऊन चुलीच्या वर फासलं होतं. त्यासाठी धपाटाही खाल्ला होता. म्हणजे अख्ख्या घरात तिने स्वतःच्या हाताने केलेली एकच गोष्ट होती, ती मी एका दुपारी पुसून टाकली. ती रागावली नाही. ‘असू दे’ म्हणाली. ते ‘असू दे’ मला महिनाभर पुरलं.

बरं, पुढे. कपाटाच्या खणात वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला निघाला. ‘ओ हेराल्दो’चा, पोर्तुगीज, साल १९५४. हे पत्र १९०० साली निघालं आणि १९८३ साली इंग्रजी झालं. कागद १९५४चा, म्हणजे घर साधारण त्याच सुमाराचं. कागद मी जिथल्या तिथे ठेवला. एव्हाना थोडी अक्कल आली होती.

आता मापाचं सांगते, कारण इथे नवशिक्याचे पैसे वाया जातात. बाजारात बाहुलीघराचं जे छोटं सामान मिळतं ते बहुतेक एकास बारा या मापाचं असतं, फुटाला एक इंच. लंडनजवळ विंडसर किल्ल्यात क्वीन मेरीचं बाहुलीघर आहे, १९२४ साली पुरं झालेलं. नळाला पाणी, दिव्यांना वीज, आणि रचनाकार एडविन ल्यूटन्स, दिल्लीचं राष्ट्रपती भवन रचणारेच. तेही एकास बारा. मी त्या मापाच्या चार खुर्च्या मागवल्या. सोप्यात ठेवल्या तर पाहुण्यांची मुलं येऊन बसल्यासारख्या दिसायला लागल्या. मग पट्टी लावली. दरवाजा बरोबर एकोणीस सेंटिमीटर. खरा दरवाजा एक मीटर नव्वद धरला तर हे माप झालं एकास दहा. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात मीटरच चालायचा, फूट-इंच पलीकडे ब्रिटिश मुलखात. आमच्या मेस्ताने मीटरला दहा सेंटिमीटर धरलं असणार, असा माझा तर्क. फरक छोटा वाटतो, पण खुर्चीची बैठक खऱ्यात पंचेचाळीस सेंटिमीटर उंच असते. ती एकास दहामध्ये साडेचार होते आणि एकास बारामध्ये पावणेचार. डोळ्याला लगेच कळतं. तेव्हा काहीही विकत घेण्याआधी दरवाजा मोजा. त्या चार खुर्च्या आता भाचीकडे आहेत.

कापडाचंही तेच. माप लहान करता येतं, जाडी लहान होत नाही. साध्या सुती कापडाचा पडदा शिवला की तो खिडकीवर घोंगडीसारखा उभा राहतो. जुनं विरलेलं मलमलीचं धोतर उत्तम. नाही तर पडदाच नको.

बाल्कांवाच्या कठड्याचे तीन खांब गेले होते. ते कुंकळ्ळीच्या चिताऱ्याकडून, म्हणजे लाखकाम करणाऱ्या कारागिराकडून, लाकूड फिरवून, लाख लावून आणले. त्याने उरलेल्या खांबांपैकी एक हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाला, ‘बाय, हे नवे जास्त चकचकीत होतील, चालेल ना?’ चालेल म्हटलं. नवं ते नवं दिसू दे. पुढे कुणी हे घर उघडलं तर त्याला कळलं पाहिजे.

सुटलेल्या जोडांना माझा पहिला विचार फेव्हिकॉलचा होता. आपल्याकडे दुसरा विचार कुणाला येतो? पण जुने जोड सरसाचे असतात, जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या. त्याचा थर तसाच ठेवून वर फेव्हिकॉल लावला तर नीट धरत नाही, आणि धरला तर पुढे सोडवताना लाकूड फाटतं. कोमट पाण्याने जुना सरस मऊ होऊन निघतो. मग नवा सरस रात्रभर भिजवायचा, दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळवायचा. उकळू द्यायचा नाही, उकळला की त्याचा जोर जातो. आणि वास येतो. आमचे हे दोन दिवस बाल्कांवातच जेवले. खऱ्या.

खिडक्यांच्या हिरव्या रंगाला मात्र मी हात लावला नाही. रंग पोपडे धरतोय, पॉलिश पेपर मारायला हात शिवशिवतात. पण जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं दशलक्षात ९० भागांहून जास्त नको, हा नियम लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाचं, आणि तेही पन्नासच्या दशकातल्या, काय सांगावं? कोरडं घासलं तर त्याची धूळ नाकातोंडात जाते. घरात लहान मुलं असतील तर हा उद्योग अजिबात नको. पोपडे आहेत, राहू देत. खऱ्या घरांच्या खिडक्यांना कुठे नसतात?

चतुर्थीला मावशी आली. त्याआधी मी चुलीमागची भिंत पुन्हा नीळ घातलेल्या चुन्याने सारवून ठेवली होती. काळा रंग लावायचा प्रयत्नही करून पाहिला होता, दौत सांडल्यासारखा दिसला म्हणून खरवडला. आरती झाली, पाहुणे गेले, तेव्हा मावशीने समईच्या ज्योतीवर पळी धरायला सांगितली. काजळ धरलं. तिने करंगळीला घेतलं आणि चष्मा कपाळावर सरकवून चुलीच्या वर एक बोट ओढलं. मग दुसरं, वर फिकट होत जाणारं. तिचा हात थरथरतो, त्यामुळे धूर खरंच हलल्यासारखा दिसतो. ‘पुरे का?’ मी विचारलं. ‘अजून भात शिजायचाय,’ म्हणाली आणि तिसरं बोट ओढलं.

संग्रहालयवाल्यांना हे पटणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. म्हणून मी एका चिठ्ठीवर सगळं लिहिलं: जुनं काजळ कुणी पुसलं, नवं कुणी लावलं, कोणत्या दिवशी, खांब कुठले नवे, सरस कुठे. चिठ्ठी स्वयंपाकघराच्या जमिनीखाली ठेवली आहे.

राहिला बाळंतिणीचा पलंग. त्याच्या पायाखाली सकाळी पिठासारखा भुगा दिसायचा आणि पायाला टाचणीएवढी भोकं. आत कीड जिवंत. औषध फवारलं तर जुनं पॉलिश जातं. छोट्या वस्तूला सोपा उपाय म्हणजे थंडी. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करायचं आणि फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायचं. सध्या आमच्या फ्रीजरमध्ये बांगडे माशांच्या शेजारी पलंग निजला आहे. कामाला येणारी बाई रोज एकदा दार उघडून त्याच्याकडे बघते आणि काही न बोलता लावते. सोमवारी दोन आठवडे होतात. बाहेर काढला तरी पिशवी लगेच उघडायची नाही. आतलं लाकूड खोलीएवढं कोमट होईपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, तशीच ठेवायची, नाही तर थंड लाकडावर दव धरतं.

तेव्हा पलंग मंगळवारी उघडेन. नमस्कार.