कीस विरुद्ध चटणी

नमस्कार श्रोतेहो. श्रावणातला रविवार, बाहेर धो धो पाऊस, चहाचं आधण ठेवलेलं, आणि घरात सँडविचवरून भांडण. गेल्या वर्षी आमच्या इंदूरच्या घरी हे झालं. एका बाजूला माझी आत्या, तीन पिढ्यांची इंदूरकर. सराफ्यात दिवसा दागिने आणि रात्री खाणं मिळतं, याचा तिला असा अभिमान की जणू तो बाजार तिच्या आजोबांनीच वसवला. दुसऱ्या बाजूला वहिनी, माहेर दादरचं. ती म्हणाली, "आत्या, सँडविच खावं तर मुंबईचंच." झालं! पाऊण तासाची वेळ ठरली, सामान घरात असेल तेवढंच. परीक्षक मी, कारण बाकीचे सगळे झोपले होते.

वहिनीनं आधी कोथिंबीर निवडली, पण देठं टाकली नाहीत. मिरची, आलं, लिंबू आणि मूठभर फुटाण्याचं डाळं, सगळं बर्फाच्या पाण्यात वाटलं. डाळ्यानं चटणी घट्ट होते आणि पावावर पाणी सुटत नाही. श्रावण म्हणून कांद्याला सुट्टी. तिची खरी हुशारी काकडीत होती. चकत्यांना मीठ चोळून तिनं त्या पंचावर पसरल्या. दहा मिनिटांत पंचा ओला झाला. मिठानं काकडीतलं पाणी ओढून घेतलं, ते पावापर्यंत गेलंच नाही. मग दोन्ही स्लाइसना अगदी कडेपर्यंत लोणी. मी विचारलं, "एवढं कशाला?" म्हणाली, "लोणी म्हणजे पावाचा रेनकोट गं." उकडलेला बटाटा, बीट, टोमॅटो, वरून चाट मसाला, आणि सुरी एकदाच तिरकी फिरली.

आत्यानं काय करावं? भुट्ट्याचा कीस! चार कोवळे भुट्टे किसले, तुपात मोहरी, हिंग, हिरवी मिरची. कीस खमंग परतून त्यात दूध घातलं, चिमूटभर साखर, शेवटी लिंबू आणि जीरावण, म्हणजे आमचा इंदुरी मसाला. सबंध घर सराफा झालं. मी परीक्षक असूनही कढईतला एक चमचा खाल्ला, हे इथे कबूल करते. पण पाऊण तास संपत आला तशी आत्याची घाई झाली. वाफाळता कीस तिनं तसाच पावावर पसरला आणि वरून दुसरी स्लाइस दाबली. गॅसवरच्या टोस्टरच्या चिमट्यात ते गेलं खरं, पण वाफ आतच कोंडली. वरून कडक आणि आतून लगदा. हातात घेतलं तर मधोमध वाकलं.

वाद मात्र असलीपणावरच चालू. "हे आमचं जुनं, माळव्याचं," आत्या म्हणाली. आता बघा, मका, मिरची, बटाटा, टोमॅटो, चौघंही मूळचे अमेरिकेतले. पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. सँडविच हे नाव एका इंग्रज उमरावाचं, आणि 1762 सालच्या एडवर्ड गिबन या इतिहासकाराच्या रोजनिशीत ते सापडतं. मी एवढं सांगितलं तर दोघींनी मिळून मला गप्प केलं. त्या दुपारी एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

निकाल द्यायचा होताच. आत्याच्या सारणाची चव वहिनीच्या सँडविचला नव्हती, हे मी स्पष्ट सांगितलं. पण हातात धरून खाता यावं, हे तर सँडविचचं पहिलं काम! म्हणून गुण वहिनीला. आत्या म्हणाली, "पाव ताजा होता म्हणून भिजला, कालचा असता तर टिकला असता." यात तथ्य आहे बरं का, ताजा पाव फार मऊ असतो. पण मी निकाल बदलला नाही. आत्या छत्री उघडून रागानं आपल्या घरी गेली. जीरावणाची डबी आमच्या ओट्यावरच राहिली.

रात्री नऊला तिचा फोन. "उरलेला कीस पंख्याखाली गार केला, मग भरला, तव्यावर तूप सोडून भाजतेय. खुसखुशीत झालंय. येतेस का?" मी छत्री शोधेपर्यंत वहिनी एका हातात चटणीचा डबा आणि दुसऱ्या हातात जीरावणाची डबी घेऊन दारात चप्पल घालत होती.