कडू तेल

नमस्कार श्रोतेहो. सुट्टीतलं ते आजीचं एरंडेल आठवतंय ना? नाक दाबून एक चमचा, वर गुळाचा खडा. ती चव जरा तोंडात घोळू द्या, लागणार आहे.

हवाईतलं मोलोकाई बेट, तिथलं कालाउपापा. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला सरळसोट कडा. 1865 मध्ये कायदा झाला आणि 1866 पासून कुष्ठरुग्णांना तिथं नेऊन सोडायला लागले. (महारोगी हा शब्द आता टाकाच बाई.) 1969 पर्यंत सुमारे 8000 माणसं. नातलग भेटायला आले तर मध्ये तारेची जाळी. बाळ झालं की आईपासून लगेच दूर. जखमा धुणारे, शवपेट्या ठोकणारे फादर डेमियन तुम्हाला ठाऊक असतील. 1889 मध्ये तेही याच रोगानं गेले. मला सांगायचीय ती तेलाची गोष्ट.

चौलमुग्रा, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या कडू कवठाचं भावंड. त्याच्या बियांचं तेल हेच तेव्हाचं औषध. प्यायलं की उलटी. टोचलं तर जिरेना, कातडीखाली फोडांच्या रांगा. आमटीवर फोडणीचं तेल कसं तरंगत राहतं, तसंच.

होनोलुलूच्या कालिही रुग्णालयातून रुग्णांना मोलोकाईला धाडत. त्या रुग्णालयातले डॉक्टर हॉलमन मदत मागायला गेले कुणाकडे? ॲलिस बॉलकडे. कृष्णवर्णीय मुलगी, वय 23, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिनं तेलातली आम्लं वेगळी केली, त्यांचे एथिल एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारी संयुगं) बनवले, आणि ते टोचल्यावर अंगात जिरू लागले. पुन्हा सांगते, तेल तेच. आता जिरू लागलं.

पण छापून येण्याआधीच, 31 डिसेंबर 1916 ला ती गेली. अवघी 24 वर्षांची. काम पुढे नेलं कॉलेजप्रमुख डीन यांनी, छापलंही त्यांनीच, आणि नाव पडलं 'डीन पद्धत'. आपल्या लग्नपत्रिका बघा, राबणाऱ्या काकू-मावश्या कुठे असतात त्यात? माझ्या भाचीच्या पत्रिकेत मी भांडून घालायला लावली नावं. असो. 1922 मध्ये हॉलमननी लेखात तिचं नाव घेतलं, 'बॉल पद्धत' म्हणाले. हवाई विद्यापीठातल्या चौलमुग्र्याच्या झाडाशी तिच्या नावाचा फलक लागला तो 2000 साली.

या तेलानं रोग पुरता हटला नाही. तो हटवला सल्फोन औषधांनी, कालाउपापात 1946 पासून. 1969 मध्ये सक्ती उठली, कड्यावरची पायवाट रुग्णांना मोकळी झाली. तरी बरीच मंडळी खालीच राहिली. शेजारी तिथले, जोडीदाराचं थडगंही तिथलंच.