नवा कोंबडा, जुनं खुराडं

[दृश्य : सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. थंडीतली पहाट. खुराड्याचं दार उघडतं.]

निवेदन :
यावल तालुक्यातलं हे घर. आरवणं ऐकू येतंय ना? ते पलीकडच्या गल्लीतलं. या अंगणातला कोंबडा महिन्यापूर्वी रानमांजरानं नेला. मागं राहिल्या नऊ कोंबड्या. अंडी त्या आजही देतात, त्याला कोंबडा लागत नाही. पण त्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही, आणि आजींना पिल्लं हवीत.

म्हणून बाजारातून हा आला. पाय बांधलेले, पिशवीतून डोकं बाहेर. सात-आठ महिन्यांचा, तांबडा-काळा. किमतीचं विचारलं तर आजी एवढंच म्हणाल्या, "महाग पडना."

[दृश्य : गोठ्यामागची पडवी. कोंबडा एकटा.]

त्याला थेट कळपात सोडलेलं नाही. तीन आठवडे तो इथंच, वेगळा. खानदेशात याचं कारण समजावून सांगावं लागत नाही. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला. देशातली ती पहिलीच नोंद. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१मध्ये नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली. परसातल्या कोंबडीला मात्र रोजची धास्ती मानमोडीची, म्हणजे रानीखेतची. बाजारातलं पाखरू ठणठणीत दिसतं, आणि चार दिवसांनी मान वाकडी करून बसतं.

आजींची एक सवय बघा. दाणा-पाणी आधी जुन्या कोंबड्यांना, मग नव्याला. उलट कधीच नाही. रोग असलाच तर तो हातापायांना लागून इकडं येऊ नये. पंख उचलून उवा बघणं, राखेत लोळायला देणं, हे चालूच असतं.

[दृश्य : अंगणात जाळी. अलीकडे कोंबड्या, पलीकडे कोंबडा.]

चौथ्या आठवड्यात मध्ये फक्त जाळी. दिसायचं, पण टोचता येत नाही. काही जण रात्री अंधारात नव्याला गुपचूप खुराड्यात ठेवतात. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, हे खरं. पण सकाळ होतेच की!

[दृश्य : जाळी उघडली. कबरी कोंबडी पुढे येते.]

ही कबरी. वयानं सगळ्यात मोठी. दाण्यावर पहिली चोच हिची, दांडीवर उबदार जागा हिची. कोंबड्यांमध्ये कोण कोणाला टोचणार हे ठरलेलं असतं, अगदी मडक्यांच्या उतरंडीसारखं. थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे हा नॉर्वेचा माणूस लहानपणापासून कोंबड्या न्याहाळत आला होता. त्यानं १९२२मध्ये ही उतरंड शास्त्राच्या भाषेत मांडली. आजी ती रोज सकाळी दाणे फेकताना बघतात.

कोंबडा आला की आपोआप राजा होतो, असं आपल्याला वाटतं. या पोरगेल्या कोंबड्याला कुणी ते सांगितलेलं दिसत नाही. तो एक पंख खाली सोडून कबरीभोवती गिरकी घेतो. कबरी मान फुगवते, आणि थेट तुऱ्यावर चोच. कोंबडा पळून केळीच्या खोडामागे.

आम्ही मधे पडायला निघालो, तर आजींनी हात आडवा केला. "रगत निंघनं नही ना? मंग लढू दे त्यास्ले."

रक्त आलं असतं तर मात्र त्याला लगेच बाजूला काढावं लागलं असतं. लाल दिसलं की सगळा कळप तिथंच टोचत सुटतो. बाकी, दाण्याची पाटी एक न ठेवता तीन ठेवायच्या आणि पळायला जागा ठेवायची. आणि हे काम मे महिन्यात काढायचं नाही. ४५ अंशांच्या उन्हात कोंबडी आधीच चोच उघडी टाकून धापा टाकत असते.

[दृश्य : पाचवा दिवस. उकिरडा.]

पाचव्या दिवशी त्याला उकिरड्यात एक अळी सापडली. त्यानं खाल्ली नाही. चोचीत उचलली, खाली टाकली, पुन्हा उचलली. कुट्-कुट्-कुट्... या आवाजाचा अर्थ एकच : इथं खायला आहे, या. काळी कोंबडी धावत आली. मग दुसरी. मग पिवळी. घार दिसली तेव्हा त्याचा आवाज वेगळा निघाला आणि सगळ्या कडब्याखाली गेल्या. कबरीसुद्धा.

नऊ कोंबड्यांना एक कोंबडा, हे प्रमाण बरं. कोंबड्या कमी असल्या की कोंबडा त्याच त्या कोंबड्यांवर चढतो आणि त्यांच्या पाठीची पिसं झडतात.

[दृश्य : अंधारी खोली. खुडूक कोंबडीखालची अंडी.]

दोन आठवडे थांबून आजींनी खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली. पिल्लं एकविसाव्या दिवशी. आज सातवा. आजी एकेक अंडं टॉर्चवर धरतात. आत तांबड्या शिरांचं जाळं दिसतं. पुढचं, तेच. त्याच्या पुढचं, तेच.

दोन अंडी कोरी निघाली, दोन्ही जराशी लांबट. आजी ती ओळखतात आणि हसतात.

"कबरीना अंडा शेतस ह्या."