सीट मऊ केली, तरी का दुखतं?

नमस्कार मंडळी! आज मोटरसायकल खाली पार्किंगमध्ये आहे आणि तिची सीट इथे माझ्यासमोर टेबलावर. कारण आज बोलायचंय ते फक्त हिच्याबद्दल. आणि हिच्यावर जे टेकतं, त्याच्याबद्दल.

पुण्यातून सकाळी सहाला निघालो, कात्रजचा बोगदा मागे पडला, खेड शिवापूर गेलं, शिरवळ आलं. इथपर्यंत सगळ्यांनाच मजा येते. खंबाटकी उतरून सुरूरच्या पुढे गेलं की माणूस सीटवर चुळबुळ करायला लागतो. जरा पुढे सरक, जरा मागे सरक, एक मांडी उचल. साताऱ्याला उतरल्यावर पहिली दोन मिनिटं बसायला नको वाटतं. आणि कोल्हापूर अजून शंभरावर किलोमीटर लांब असतं.

चार वर्षांपूर्वी मी यावर तोच उपाय केला, जो आपण सगळे करतो. शहरातल्या एका कुशनवाल्याकडून सीटवर दोन इंच मऊ फोम चढवून घेतला. दुकानात बसून पाहिलं, अगदी सोफ्यासारखं वाटलं. शिरवळपर्यंतही छान होतं. कराडच्या अलीकडे मात्र दर दहा मिनिटांनी मी फूटरेस्टवर उभा राहत होतो. कोल्हापुरात पोचलो आणि एका खानावळीत लाकडी बाकड्यावर जेवायला बसलो. तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं! साध्या, कडक, सपाट फळीवर. माझ्या दोन इंच मऊ सीटपेक्षा ते बाकडं सुखाचं होतं. हे असं का झालं, ते समजून घेण्यात मी बराच वेळ घालवलाय, आणि तेच आज सांगतोय.

आपण बसतो तेव्हा वरचं वजन मुख्यतः ओटीपोटाच्या हाडांच्या खालच्या दोन टोकांवर येतं. तळहात खाली ठेवून त्यावर बसा, दोन गोटे टोचतील. तीच ती बसायची हाडं. निसर्गाने वजन घ्यायला तीच दिलीत. त्यांच्यामधला भाग, जिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात, तो वजन घेण्यासाठी नाही. फोम फार मऊ असला की ही दोन हाडं त्यात घुसतात, पार खालच्या पत्र्याला नाहीतर प्लास्टिकला जाऊन भिडतात, आणि हाडं खाली गेल्यामुळे मधला नाजूक भागही दाबला जातो. बारीक रक्तवाहिन्या चेपल्या की आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा, मग ती आग. बाकड्यावर काय झालं? हाडं सपाट टेकली, मधला भाग मोकळा राहिला.

म्हणजे मग लाकडी फळी बांधून निघायचं का? नाही. बाकडं हलत नाही, गाडी हलते. धक्के आणि इंजिनची थरथर खाण्यासाठी फोम लागतोच. पण तो हाडांना आधार देणारा हवा, गिळणारा नाही.

तुमची सीट तळाला लागते का, ते घरच्या घरी कळतं.

(कॅमेरा सीटच्या जवळ)

हे बघा. जिथे तुम्ही बसता, तिथे गुडघा टेकवायचा आणि त्यावर हळूहळू अंगाचा सगळा भार द्यायचा. इथे, पुढच्या बाजूला, बघा... टक्. गुडघ्याला खालचा तळ लागला. मागे चार बोटांवर तसं होत नाही, कारण तिथे कोणी बसतच नाही, तिथला फोम अजून ताजा आहे. जुन्या गाड्यांच्या सीटवर हा खड्डा नुसत्या हातालाही लागतो.

आता दुसरी गोष्ट, आणि ही कोणी करत नाही म्हणून जरा सावकाश दाखवतो. खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, आत नागमोडी थर असतो तो. कडक स्टुलावर ठेवा. पातळ पँट घालून त्यावर बसा, गाडीवर बसता तसेच थोडे पुढे झुका, आणि मिनिटभर हलू नका. आता उठतो.

(पुठ्ठा कॅमेऱ्यासमोर, उजेडात तिरका धरून)

दिसतायत? हे दोन दबलेले गोल. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टी लावली. माझं आलं 12 सेंटिमीटर. बहुतेकांचं 10 ते 14 च्या आसपास येतं आणि त्याचा पोट सुटलंय की नाही याच्याशी संबंध नाही, ती हाडांची रचना आहे. आता तोच पुठ्ठा सीटवर ठेवा, तुम्ही खरंच बसता त्या जागी. दोन्ही गोल सीटच्या सपाट भागावर यायला हवेत आणि त्यांच्या बाहेरही दोन-तीन बोटं सीट उरायला हवी. माझ्या सीटवर दोन्ही गोल उतारावर येत होते! सीट मधे घुमटासारखी फुगलेली, म्हणजे हाडं दोन्हीकडे घसरणार आणि वजन मधल्या भागावर. त्यात मी वरून अजून मऊ फोम चढवला होता. घुमट आणखी उंच झाला, बाकी काही नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की मऊपणाचा नंबर तिसरा. आधी रुंदी आणि सपाटपणा, मग पुढे-मागे उतार. उताराचं सांगतो. बऱ्याच सीट पुढे टाकीकडे उतरत्या असतात. प्रत्येक ब्रेकला तुम्ही टाकीवर जाता, हाताने स्वतःला मागे ढकलता, आणि संध्याकाळी म्हणता की मनगटं दुखतायत, खांदे भरून आलेत. दोष हातांचा नसतो. गाडी मेन स्टँडवर सपाट जागी लावा आणि बसायच्या जागी गोटी ठेवा. सुटून टाकीकडे पळाली, तर उतार काढून घ्यायला हवा.

काम करून घ्यायचं तर पुण्यात आपल्याला नाना पेठ आहे. दुचाकीचा असा एकही पार्ट नसेल जो तिथे मिळत नाही, आणि सीट बनवणारे हाताचे पक्के कारागीर तिथल्या गल्ल्यांमध्ये आहेत. पण जाऊन 'मऊ करा' एवढंच सांगू नका. तो बिचारा मऊच करून देणार. पुठ्ठा बरोबर न्या. सांगा की मधला उंचवटा घासून सपाट करा, पुढचा उतार भरा. खालच्या थराला रिबॉन्डेड फोम मागा, म्हणजे फोमचे तुकडे दाबून, चिकटवून केलेला, हाताला बऱ्यापैकी कडक लागतो तो. त्यावर जेमतेम बोटभर मऊ थर. दुकानदार '40 डेन्सिटी' वगैरे म्हणेल. तो आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोत वजन. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, कडक की मऊ ते कळत नाही. ते हातानेच दाबून बघायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: रेक्झिन चढवायच्या आधी उघड्या फोमवर बसा. दोन मिनिटं नाही, वीस मिनिटं. कारागीर घाई करेल, चहा मागवा, पण उठू नका. माझ्या दुसऱ्या वेळच्या कामात पंधराव्या मिनिटाला उजव्या बाजूला टोचायला लागलं. त्यांनी करवतीच्या पात्याने पापडाएवढा तुकडा काढला, ग्राइंडर फिरवला, परत बसवलं. ते दोन मिनिटांत उठलो असतो तर कळलंच नसतं. रेक्झिन चढवताना फार ताणून पिना मारू देऊ नका. कव्हर ढोलकीच्या चामड्यासारखं ताणलं की खालच्या चांगल्या फोमचा उपयोग राहत नाही. शिवण बसायच्या जागी नको. तिथे ती टोचते, आणि ताम्हिणीच्या पावसात तिथूनच पाणी आत जातं. ओला झालेला फोम चार-चार दिवस वाळत नाही.

उंचीकडेही लक्ष असू दे. एक इंच वाढली तरी सिग्नलला पाय टेकायला फरक पडतो. कमी उंचीच्या लोकांनी फोम चढवण्यापेक्षा आकार बदलून घ्यावा.

जेल पॅड? शहरात ठीक. मे महिन्यात हॉटेलबाहेर उन्हात गाडी उभी केली की जेल तापतं आणि लवकर निवत नाही. हवेची उशी चांगली चालते, फक्त ती फुगवून टम्म करायची नाही. बसल्यावर तळापासून बोटभर वर उचलले गेलात की बस झाली.

आणि एक आपल्याकडची गोष्ट. माझे मामा वाईचे. ते मोटरसायकलच्या सीटवर घोंगडीची घडी बांधायचे. लहानपणी मला वाटायचं, काय हे! आता कळतं. लोकर घाम वाफेच्या रूपातच ओढून घेते आणि तरी हाताला कोरडी लागते, शिवाय तिच्या धाग्यांमधून हवा खेळते. रेक्झिनवर घाम साचतो, कातडी मऊ पडते, मग घासून सोलवटते. अर्धं दुखणं दाबाचं असतं, अर्धं या ओल्या घर्षणाचं. ट्रकवाल्यांची मण्यांची सीटही हवा खेळवण्याचंच काम करते. घोंगडी बांधाल तर खालून पट्ट्याने पक्की बांधा. वळणावर घडी सरकली तर जीवावर बेतेल.

कपड्यांचं थोडक्यात. जीन्समध्ये चार शिवणी जिथे एकत्र येतात, ती गाठ नेमकी तुमच्या खाली येते. लांबच्या राईडला जीन्स नको. आतले सुती कपडे घाम पितात आणि ओलेच राहतात. त्याऐवजी बिनशिवणीचे, लवकर वाळणारे घ्या. सायकलवाल्यांची पॅडवाली शॉर्ट पँटच्या आत घातली तरी चालते, पॅड पातळ हवं.

आता बसणं. कुबड काढून बसलात की ओटीपोट मागे कलंडतं आणि वजन माकडहाडावर जातं. झुकायचं ते कमरेतून, पाठीतून नाही. गुडघे टाकीला हलके चिकटलेले, चवडे फूटरेस्टवर. म्हणजे पाय थोडा भार घेतात. आपल्याकडे अचानक येणारे गतिरोधक तर तुम्हाला माहीतच आहेत. तो दिसला की सीटवरून अंग कागदाएवढं उचला, धक्का गुडघ्यांनी खाऊ द्या. पाय पुढे टाकून बसायच्या क्रूझर गाड्यांवर हे जमत नाही. म्हणून त्या दिसायला आरामाच्या असल्या तरी खड्ड्याचा मार सरळ कण्यात जातो. हँडल फार लांब पडत असेल तर मेकॅनिककडून क्लॅम्प सैल करून थोडं आपल्याकडे फिरवून घ्या, आणि केबल ताणत नाहीत ना ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. मागचं सस्पेन्शनही विसरू नका. गेल्या ट्रिपला डबलसीट आणि सामान म्हणून कडक केलेलं असतं, आणि यावेळी एकटे जाताना तसंच राहतं. मग सगळे म्हणतात सीट खराब आहे.

आणि थांबा. दुखायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी. मी आता पाऊण ते एक तासाने थांबतो, मग अंगात कितीही जोर असो. शिरवळला पाच मिनिटं, साताऱ्याला नाश्ता. उतरून उभं राहायचं, चालायचं, पाणी प्यायचं. चहाला परत बसायचं नाही!

बधिरपणा उतरल्यावर अर्ध्या-एक तासात जायला हवा. गेला नाही, किंवा माकडहाडापाशी दुखरी गाठ आली, पू आला, तर सीटवर प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लाजण्यासारखं त्यात काहीही नाही. दुसऱ्या महायुद्धात जीपमध्ये तासन् तास आदळत फिरणाऱ्या अमेरिकन सैनिकांना माकडहाडाजवळच्या अशाच गाठींनी इतकं छळलं की त्या आजाराला जीपचंच नाव पडलं होतं.

शेवटी, मागे बसणाऱ्या माणसाबद्दल. त्याला टाकी नाही गुडघ्यांनी धरायला, हँडल नाही, समोरचा खड्डाही दिसत नाही. आई माझ्यामागे साडी नेसून एका बाजूला बसते तेव्हा तिचा कणा पूर्ण वेळ पिळलेला असतो. नवीन गाड्यांची मागची सीट तर हाताएवढी अरुंद. आई कधीच म्हणत नाही की थांब. जेजुरीला जाताना मी विचारलं, दुखतंय का, तर म्हणाली, 'नाही रे, चल तू.' उतरली तेव्हा माझा खांदा धरून उभी राहिली, पाऊल टाकता येईना. तेव्हापासून नाना पेठेत मी दोन पुठ्ठे घेऊन जातो. आणि आई मागे असेल तर दिवेघाट चढलो की सासवडच्या अलीकडे गाडी बाजूला घेतो, तिला न विचारता.