खोकल्याचा पदर

श्रोतेहो, नमस्कार.

परवा तालुक्याहून एसटीने येत होते. बाहेर पावसाची झड, त्यामुळे सगळ्या काचा ओढलेल्या आणि गाडी गच्च भरलेली. माझ्या शेजारच्या बाकावर एक बाई होत्या, मांडीवर वर्ष-दीड वर्षाचं लेकरू. बाईंना खोकल्याची ढास लागली. त्यांनी पटकन पदर तोंडाला लावला आणि ढास थांबेपर्यंत धरून ठेवला. मला फार बरं वाटलं. मग लेकराचं नाक वाहत होतं, ते त्यांनी पुसलं. पदराच्या त्याच टोकाने.

मी त्यांना नावं ठेवत नाही. माझ्या आईने हेच केलं, माझी मुलं लहान असताना मीही केलं. पदर हाताशी असतो, हात आपोआप जातो. मी आरोग्यसेविका म्हणून बरीच वर्षं वाड्या-वस्त्यांवर फिरले. ‘तोंडावर काहीतरी धरा’ एवढं आम्ही सांगत आलो. पण धरलेल्या कापडाचं पुढे काय करायचं, हे सांगायचं राहून गेलं.

तर पहिली गोष्ट कोपराची. खोकला आला, शिंक आली, की हात वाकवायचा आणि नाक-तोंड कोपराच्या घडीत घालायचं. बाही लांब असली तर उत्तम, पण आखूड बाहीचं पोलकं असलं, हात उघडा असला तरी चालतं. तळहातावर खोकलात तर तोच तळहात एसटीच्या दांड्याला लागतो, कंडक्टरला द्यायच्या नोटेला लागतो, शेजारणीने पुढे केलेल्या शेंगदाण्याच्या पुडीत जातो. कोपराने कुणी शेंगदाणे घेत नाही. घरी पोचल्यावर हात कोपरापर्यंत साबणाने धुतला की झालं. आणि शिंक नाक दाबून अडवू नका. तिचा जोर मोठा असतो, आतल्या आत कोंडला तर कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते.

रुमाल असेल तर नाकाचा वेगळा आणि घामाचा वेगळा ठेवा. पदराशिवाय जमतच नसेल तर पदर धरा, पण मग तो पदर धुवायला पडेपर्यंत लेकराच्या तोंडाला लावू नका. लेकरासाठी पिशवीत एक स्वच्छ फडकं असू द्या. जुन्या सुती साडीचे चार तुकडे केले तरी आठवड्याची सोय होते.

आता त्या बंद काचांबद्दल. शिंकेतून नुसते थेंब उडत नाहीत, ओलसर हवेचा एक ढगच बाहेर पडतो. शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्याने तो टिपला आहे आणि तो 7-8 मीटरपर्यंत जाऊ शकतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे एसटीची निम्म्याहून अधिक लांबी. मोठे थेंब लवकर खाली बसतात, बारीक कण मात्र कोंडलेल्या हवेत तरंगत राहतात. गोवराचा विषाणू तर रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. म्हणून पाऊस असला तरी काच चार बोटं उघडी ठेवा. थोडी बाही भिजेल, भिजू द्या. दवाखान्यात नंबर लावून बसलात तर खोकणाऱ्या माणसाला दाराजवळची, वाऱ्याची जागा द्या.

2009 साली पुण्यात स्वाइन फ्लू आला तेव्हा रस्त्यावर जिकडेतिकडे तोंडाला रुमाल बांधलेले लोक दिसत. करोनात आपण सगळ्यांनीच मास्क लावले. पण मला आठवतात ती मास्क लावून बसलेली आणि खोकायच्या नेमक्या वेळी तो हनुवटीखाली ओढणारी माणसं. मास्क आहे तो त्याच क्षणासाठी. सर्दी-खोकला असेल आणि प्रवास टळत नसेल, तर आजही लावावा. त्यात लाज कसली?

करोनापासून आणखी एक गोष्ट झाली आहे, आणि तिचं मला खरंच वाईट वाटतं. कुणी खोकलं की आजूबाजूचे कपाळाला आठ्या घालून बघतात, सरकून बसतात. मग माणूस खोकला गिळतो, लपवतो, दवाखान्याची पायरी चढत नाही. आपल्या देशात जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा आहे. तिथे खोकला लपवणं कुणालाच परवडणारं नाही.

त्याच गाडीत मागच्या बाकावर एक काका सारखे खाकरत होते. उतरायच्या आधी मी त्यांच्याजवळ गेले, म्हटलं, “काका, किती दिवस झाले?” म्हणाले, “झाले असतील वीस-पंचवीस. तंबाखूनं होतंय.” तंबाखूने असेलही. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस खोकला असेल तर बेडका तपासायलाच हवा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. क्षय निघाला तर औषधंही फुकट, आणि उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून खाण्यापिण्यासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यावर जमा होतात. हे सगळं त्यांना सांगितलं. डबी मिळेल, सकाळी उठल्याबरोबर खोलवरून खोकून बेडका काढायचा, नुसती थुंकी नको, आणि तो घरात नाही, अंगणात मोकळ्यावर काढायचा, हेही सांगितलं.

काकांनी दवाखान्याचा वार विचारला. पाठीमागच्या मुलाने खिशातलं पेन दिलं, मी तिकिटाच्या मागे लिहून दिलं.

नमस्कार.