घास केवढा?

रानमांजर आणि लांडगा यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. मला तो मुळातच चुकीचा वाटतो. त्याऐवजी असं विचारून पाहा, की कोणाचा घास केवढा आहे? बाकीचं बरंचसं त्यातूनच उलगडत जातं.

मी ज्याच्याबद्दल बोलतोय ते युरोपातलं रानमांजर, फेलिस सिल्वेस्ट्रिस. सिल्वेस्ट्रिस म्हणजे वनातलं. दिसायला घरच्या बोक्यासारखंच, पण हाडापेरानं दणकट. शेपटी झुपकेदार, काळ्या कड्यांची आणि टोकाला बोथट. वजन साधारण चार-पाच किलो. त्याचं मुख्य खाणं उंदीर आणि ससे. उंदीर एकट्यानं मारता येतो, आणि एका उंदरात दुसरा वाटेकरी परवडत नाही.

लांडगा ३०-४० किलोचा. १९९९ मध्ये संशोधकांनी एक हिशेब मांडला. साधारण २१ किलोपर्यंतच्या मांसाहारी प्राण्याचं बारीकसारीक शिकारीवर भागतं. त्याहून वजनदार प्राण्याला उंदीर धरत बसणं परवडत नाही; त्याला आपल्याएवढी किंवा आपल्याहून मोठी शिकारच गाठावी लागते. लांडगा या रेषेच्या पलीकडे उभा आहे. त्याची गाठ हरणाशी, एल्क आणि मूस या थोराड हरणांशी.

आता दोघांचं शरीर पाहा. मांजराला ३० दात, लांडग्याला ४२. दात कमी म्हणजे जबडा आखूड, आणि आखूड जबड्याचा चावा सुळ्यांपाशी जोरकस बसतो. मानेच्या दोन मणक्यांमध्ये सुळा घुसवायचा, की काम झालं. मांजराची नखं एरवी आत ओढलेली असतात, म्हणून ती झिजत नाहीत. मनगट वळतं, त्यामुळे सावज पंजात धरता येतं. डोळ्यातली बाहुली उभ्या फटीसारखी. जमिनीलगत दबा धरून झेपेचं अंतर जोखायला तिचा उपयोग होतो, असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसून आलं. लांडग्याची बाहुली गोल, नखं कायम बाहेर आणि बोथट. त्याच्या पायांना पकड नाही, पण चाल आहे! एका रात्रीत ३० किलोमीटर तो सहज तोडतो. सावजाला पळवतो, कोण लंगडतंय ते पाहतो, आणि बहुतेक वेळा रिकाम्या पोटी परततो.

मोठ्या शिकारीमुळेच घरही मोठं होतं. एका एल्कचं मांस वाटून खाल्लं नाही, तर डोमकावळे त्यावर ताव मारतातच. म्हणून पिल्लं मोठी झाली तरी वर्ष-दोन वर्षं आईबापांजवळ राहतात. बापही पोटातलं अन्न ओकून पिल्लांना भरवतो. मराठीत आपण 'लांडगेतोड' म्हणतो, पण लांडग्यांची टोळी म्हणजे बहुधा एक कुटुंबच असतं. टोळीचा दादा, 'अल्फा', ही कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना परक्या लांडग्यांवरून आली. ती आपल्या पुस्तकातून पसरवणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये ती खोडून काढली. शास्त्रज्ञानं आपलीच चूक अशी उघडपणे दुरुस्त करावी, याचं मला फार मोल वाटतं.

रानमांजराचा बोका पिल्लांकडे फिरकत नाही. सगळं आईवर. पाच-सहा महिन्यांत पिल्लंही आपापल्या वाटेला लागतात.

या वेगळेपणामुळे दोघांवरची संकटंही वेगळी आहेत. लांडगा बंदुकीनं आणि विषानं मेला, म्हणजे लोकांच्या डोळ्यांदेखत. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले शेवटचे लांडगे १९२६ च्या सुमारास संपले. १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ आणून सोडले, आणि त्यांनी तिथे पुन्हा कुटुंबं थाटली. रानमांजराचं संकट मात्र चुलीपाशी निजणारं आहे. एकटं, जोडीदार शोधत हिंडणारं रानमांजर पाळीव मांजराशी जुळतं. दोन-चार पिढ्यांत रक्तातलं रान ओसरतं, आणि अंगावरचे पट्टे पाहणाऱ्याला वाटतं, रानमांजर आहे की अजून! स्कॉटलंडमध्ये नेमकं हेच झालं. २०१९ मध्ये तज्ज्ञांनी सांगितलं, की तिथली रानातली संख्या आता आपल्या बळावर टिकणारी नाही.

म्हणून २०२३ मध्ये स्कॉटलंडमधल्याच केर्नगॉर्म्सच्या डोंगरांत बंदिवासात जन्मलेली १९ रानमांजरं सोडली. त्यांना लांडग्यांसारखी टोळी करून सोडण्यात अर्थ नव्हता. प्रत्येकानं आपापला उंदीर शोधायचा होता. त्याबरोबरच आसपासच्या पाळीव आणि भटक्या मांजरांची नसबंदीही हाती घेतली गेली. २०२४ मध्ये सोडलेल्या रानमांजरांतल्या काही माद्यांना रानात पिल्लं झाली.